उंची अडीच फूट

यादीत शब्द एकशे बारा. देवळांची मोजणी, सरकारी काम.
कमान, कळस, घंटाघर भराभर उरकले,
वेदी तर आपलीच जुनी.
सत्त्याण्णवाला अडले : स्क्विंट.

कोशात पहिला अर्थ तिरळेपणा.
दुसरा, बारीक टायपात :
देवळाच्या जाड भिंतीतून तिरपं कोरलेलं छिद्र,
जिथून वेदी दिसायची नाही
तिथून ती दिसावी म्हणून.

रकाना तीन, मराठी प्रतिशब्द.
गवाक्ष लिहिलं, खोडलं.
गवाक्षात वारा येतो, राजकन्या येते.
झरोका उजेडासाठी असतो.
इथून उजेड येत नाही आत,
नजर जाते फक्त, तीही वाकून.

पांझरेकाठी, साक्रीच्या अलीकडे
काळ्या दगडाचं हे देऊळ. मे महिना.
टेप इतकी तापलेली की रुमालात धरली.
दुसरं टोक तारामतीबाई अमोलिकांच्या हातात.
त्या झाडायला आल्या होत्या, थांबल्या.
भिंत दोन फूट. छिद्र बाहेरून पाच इंच,
आत जाताना डावीकडे कललेलं.

सावलीत बसून मी त्यांना टीप वाचून दाखवली :
'हे छिद्र महारोग्यांसाठी असे, ही समजूत चुकीची.
मागाहून रचलेली गोष्ट. रोग्यांना
देवळाच्या आवारातही कोणी येऊ देत नसे.
खरा उपयोग घंटा वाजवणाऱ्याला :
प्याला उंचावला की त्यानं दोर ओढायचा.'

बाईंनी खराटा भिंतीला टेकवला.
"ह्या पुस्तकवालानं गाव कोनतं?"

मी म्हटलं, लांबचं. समुद्रापलीकडचं.

"मंग बराबर शे. तठलं तो सांगस.
मनी माय आठे बसे. भायेर. ह्या दगडवर."

दगड मी पायरी समजून
नकाशात घेतलाच नव्हता.
मधोमध जरासा खोल, गुळगुळीत,
कडा मात्र अजून टाकीच्या.

घंटेचा दोर उत्तरेच्या कोपऱ्यात,
छिद्र दक्षिणेला.
मी पुन्हा टेप लावली.
जमिनीपासून अडीच फूट.
एवढ्या खाली कुठला घंटेवाला वाकेल, दर रविवारी?
बसलेल्या बाईच्या डोळ्याची उंची ही.
वरच्या ओठाला दगड काळपट, तेलकट,
कपाळ टेकून टेकून.

प्याला इथून दिला जायचा का, मी विचारलं.
त्यांनी मूठ करून छिद्राला लावली.
मूठ गेली नाही.
डोळ्यापुरतं ठेवलं होतं, हातापुरतं नाही.

पुढे गोळ्या निघाल्या. माय बरी झाली.
पाळकांनी स्वतः दार उघडून आत घेतली,
सगळी मंडळी उभी राहिली म्हणे.
शेवटचा बाक मिळाला.
बाकासमोर खांब.

"आत बसनी, पन वेदी काही दिखे ना."

तक्रार नव्हती ती. सांगण्यासारखं होतं म्हणून सांगितलं.
आणि मग, खराटा उचलता उचलता,
की माय कधी कधी
पहिलं गीत झालं की हळूच उठायची,
चप्पल हातात घेऊन बाहेर यायची,
आणि बसायची.

मी दगडावर बसले. पोळला.
कपाळ टेकवलं, डावा डोळा मिटला.
आधी काहीच नाही, काळं.
मग वेदीच्या कापडाची एक शिवण,
पितळी समईचा, नाही, मेणबत्तीच्या खांबाचा बूड,
आणि तळहाताएवढी रिकामी जागा
जिथे कुणाचा तरी हात आला असता
तर तो पूर्ण दिसला असता.

रकाना तीनमध्ये लिहिलं : भिंतना डोया.
धुळ्याच्या ऑफिसात साहेबांनी लाल शाईनं
'गवाक्ष' केलं, समासात 'प्रमाण भाषा वापरावी.'
केलं तर केलं.
उंचीचा आकडा त्यांनी तपासला नाही.
तो तसाच आहे.